शेजारच्या सीटवरचे उद्धवराव

उद्धवरावांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते आणि माझ्या मोटारीच्या लायसन्सला अठरा वर्षं होऊन गेली होती. त्या अठरा वर्षांत मी मोटार चालवली ती एकदाच, परीक्षेच्या दिवशी. मुलगा बंगळूरला गेला, त्याची गाडी आमच्या रहाटणीच्या सोसायटीत धूळ खात उभी राहिली, आणि मी शाळेच्या पेन्शनच्या कामांसाठी रिक्षाची वाट बघत चौकात उभी राहू लागले. लायसन्स असून गाडीला हात न लावणाऱ्या अशा बायका आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये किती असतील, याची मला कल्पना नव्हती. उद्धवरावांना होती. मी त्यांच्याकडची आठवी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. गाडीभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या, चारही कोपऱ्यांवर तळहात ठेवायला लावला. मग मागच्या सीटवर बसवलं आणि इथून रस्ता कसा दिसतो ते बघा म्हणाले. "गाडी केवढी हाय ते आधी अंगाला कळलं पाहिजे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. पुढे महिनाभर आम्ही रोज सकाळी तासभर बरोबर असायचो. सिग्नलला थांबलो की ते थोडं थोडं बोलत. त्यातून त्यांची गोष्ट मला कळत गेली. जे त्यांनी सांगितलं नाही ते नंतर त्यांच्याकडच्या पहिल्या, पद्मजाताईंनी सांगितलं.

उद्धवराव मूळचे परांडा तालुक्यातले. बाविसाव्या वर्षी मामाबरोबर भोसरीला आले. मामा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. यांनी मात्र टेम्पो धरला. कास्टिंगचे जड जड नग या कारखान्यातून त्या कारखान्यात पोचवायचे. सहा वर्षांनी शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि तीस वर्षं तेच काम केलं. निगडीच्या टर्मिनसवरून पहाटेची पहिली गाडी बहुतेक त्यांचीच असायची. रहाटणीत दोन खोल्या झाल्या, वर मजला चढला, मुलगा बंटी चाकणच्या कंपनीत शिफ्टला लागला, त्याचं लग्न झालं. या सगळ्यात एकच वस्तू झिजली, ती म्हणजे उद्धवरावांचा डावा गुडघा. दिवसातून हजार वेळा क्लच दाबून तो पार निकामी झाला होता. निवृत्तीच्या आधीच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की यापुढे गाडी चालवायची नाही, स्वतःची सुद्धा.

निवृत्तीनंतरही त्यांना चारलाच जाग यायची. पहिले काही दिवस ते उठून, आवरून, टर्मिनसवर जाऊन उभे राहायचे. जुने सोबती चहा पाजायचे. एका सकाळी कंट्रोलरने सहज विचारलं, "काय उद्धवराव, आज काय काम काढलं?" त्याच्या मनात काही नव्हतं. पण काम काहीच नाही हे उद्धवरावांना त्या क्षणी कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई मला म्हणाल्या होत्या, "घरात बसायचे, पन बूट काढायचे न्हाईत. कुनीतरी बोलवंल असं वाटायचं वो त्यांला."

पेन्शन अगदीच थोडी होती. बंटीला मुलगा झाला होता, खर्च वाढला होता. मुलाकडे हात पसरायचा नाही म्हणून उद्धवरावांनी चिंचवडमधल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वॉचमनची नोकरी धरली. काम पार्किंगचं. गाड्या आत घ्यायच्या, लावून घ्यायच्या, बाहेर काढून द्यायच्या. म्हणजे लोकांना हातवारे करून दाखवायचं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. खुर्ची होती, पण बसायला सवड नव्हती. संध्याकाळी घरी आले की गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला असायचा.

तिथे त्यांनी पद्मजाताईंना पाहिलं. बासष्टीच्या, एका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून तीनदा निगडी प्राधिकरणातून नवऱ्याला घेऊन त्या यायच्या. नवरा, सुरेंद्र, कारखान्यात मेन्टेनन्सचे मोठे अधिकारी होते. वर्षापूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळलं. टॅक्सीवाला घाई करायचा, रिक्षावाला व्हीलचेअर बघून पुढे निघून जायचा. एकदा तर टॅक्सीचं दार उघडं, सुरेंद्र अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि ड्रायव्हर फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलतोय. उद्धवरावांनी पुढे होऊन सुरेंद्रांना काखेत हात घालून नीट बसवलं. मग पद्मजाताईंना विचारलं, "घरची गाडी न्हाई का, ताई?"

"गाडी आहे," त्या म्हणाल्या. "चालवणारे हे होते."

"दुसरं कुणी न्हाई?"

त्यांनी पर्स उघडून आपलं लायसन्स दाखवलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं, दोनदा नव्याने करून घेतलेलं. लग्नानंतर नवऱ्यानेच हौसेने काढून दिलं होतं. पुढे कुठेही जायचं असलं की तेच म्हणायचे, मी सोडतो की. त्यात कसली सक्ती नव्हती, उलट लाडच होता. पण हात बसायचा राहिला तो राहिलाच.

पद्मजाताईंनी त्यांना ड्रायव्हर म्हणून याल का, असं विचारलं. उद्धवरावांनी गुडघ्याचं सांगितलं. मग ते म्हणाले, "चालवायला मी यायचा न्हाई. पण तुम्ही चालवणार असाल तर शेजारी बसतो. मी न्हाई आलो त्या दिवशी काय कराल, त्याचीबी सोय लागंल."

ताईंनी होकार दिला तो काही हिमतीने नाही. त्या मला म्हणाल्या, "नाही म्हणायचं तर मला पुढच्या टॅक्सीला फोन करावा लागला असता, आणि तेवढं त्राण नव्हतं उरलं."

रविवारी सकाळी उद्धवराव प्राधिकरणातल्या त्यांच्या बंगल्यावर गेले. गाडी पोर्चमध्ये, कापडाखाली. किल्ली मात्र सापडेना. भिंतीवरच्या हुकावर नाही, कपाटात नाही. पद्मजाताईंनी घर पालथं घातलं. सुरेंद्र व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून समोर बघत होते. त्यांची डावी मूठ झब्ब्याच्या खिशात होती, आणि ती काही केल्या बाहेर येत नव्हती.

ताईंच्या लक्षात आलं. त्या रागावून काही बोलणार तोच उद्धवरावांनी त्यांना हातानेच थांबवलं. चहा मिळाला तर बरं होईल, म्हणाले. त्या आत गेल्या तसे ते खुर्ची ओढून सुरेंद्रांजवळ बसले. किल्लीचं नावही काढलं नाही. किती वर्षं नोकरी झाली, कुठल्या खात्यात, असं विचारत राहिले. सुरेंद्र उत्तर देईनात. मग उद्धवराव आपलंच सांगू लागले. पद्मजाताई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, पण बाहेर न येता तिथेच थांबल्या. म्हणून पुढचं त्यांना शब्दन् शब्द आठवतं.

"मी रिटायर झालो ना साहेब, त्याच्या चौथ्या दिवशी चिंचवड स्टेशनपाशी उभा होतो. माझीच गाडी आली. नंबर पाठ हाय मला. वर नवीन पोरगा बसलेला. त्यानं असा ब्रेक मारला की माझ्या छातीत धस्स झालं. त्या गाडीला ब्रेक दोन हप्त्यांत दाबावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं पळत जाऊन सांगावं. पण मी कोण? मी आता फुटपाथवरचा माणूस. घरी आलो न् जेवलो न्हाई त्या दिवशी."

सुरेंद्रांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्या गाडीलाबी असं काही असंल," उद्धवराव म्हणाले. "ते तुम्हालाच ठाऊक. ताईंना कोण सांगणार?"

मग सुरेंद्रांचे ओठ हलू लागले. एकेक शब्द ओढून काढावा तसा आला. "सेकंड. गिअर. जड आहे."

"आणिक?"

"सकाळी... एक मिनिट... नुसती चालू ठेवायची."

खिशातली मूठ बाहेर आली. त्यांनी किल्ली उद्धवरावांपुढे धरली. उद्धवरावांनी ती घेतली नाही. "ताईंच्या हातात द्या, साहेब," म्हणाले. पद्मजाताईंनी ट्रे तसाच खाली जमिनीवर ठेवला आणि पुढे आल्या.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, आणि तिघांची सुरू झाली. सुरेंद्रांना मागच्या सीटवर बसवायचं हे उद्धवरावांनी ठरवूनच टाकलं. प्राधिकरणातले सेक्टरमधले रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, सकाळी सातच्या आत फारशी वर्दळ नसते. त्या रस्त्यांवर ती राखाडी गाडी रोज धक्के खात, बंद पडत, पुन्हा सुरू होत फिरू लागली. उद्धवराव पाण्याच्या दोन बाटल्या रस्त्यावर उभ्या करून त्यांच्यामधून गाडी काढायला लावायचे. बाटली पडली की स्वतः उतरून, गुडघ्यावर हात दाबत, पुन्हा उभी करायचे. त्यांचा डावा हात सतत गाडीच्या दारावर आणि उजवा मांडीवर, हे पद्मजाताईंच्या नंतर लक्षात आलं. हँडब्रेकपासून लांब. मी घाबरलेलो नाही, हे त्यांना त्यातून सांगायचं होतं.

इथे मला माझ्या सांगण्यात दुरुस्ती करायला हवी. पद्मजाताई सांगतात, पहिले पंधरा दिवस उद्धवरावांचा हात हँडब्रेकवरच होता. मी म्हणते तसा तो पुढे गेला. पण माझ्या वेळी तो कायम दारावरच असायचा, हे मी छातीठोकपणे सांगते, आणि मी काही पद्मजाताईंपेक्षा बरी चालवत नव्हते.

पहिल्या महिन्याअखेरीस ताईंनी पाकीट पुढे केलं तेव्हा उद्धवराव अवघडले. शेजारी बसायचे कसले पैसे, असं पुटपुटत मागे सरले. रोजची टॅक्सीवाल्यांची वागणूक बघून आपण हे सुरू केलं, त्याचं मोल काय करायचं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ताई आग्रह करीत होत्या, ते नाही म्हणत होते. तेवढ्यात मागून सुरेंद्र बोलले. त्यांचं ते त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

"उद्धवराव, काम आहे हे. फुकट... काम... कुणी नीट करत नाही."

उद्धवरावांनी पाकीट घेतलं. घरी जाऊन ते रुक्मिणीबाईंच्या हातात ठेवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा घरात शिरताना बूट काढून कोपऱ्यात लावले. हे रुक्मिणीबाईंचं निरीक्षण. वॉचमनची नोकरी त्यांनी पुढच्याच महिन्यात सोडली.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. गेटच्या खांबाला घासून गाडीच्या डाव्या अंगाला मोठा ओरखडा पडला. ताई दोन दिवस गाडीजवळ फिरकल्या नाहीत. पुढे भक्ती-शक्तीच्या चौकाकडे जाताना चढावर त्यांची गाडी बंद पडली. मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, रस्ता अरुंद, मागे शहराची भरलेली बस. गाडी सुरू करावी तर मागे घसरत होती. बसने हॉर्न दाबून धरला. ताईंचे हात स्टिअरिंगवरून सुटले. मी उतरते, तुम्ही काढा, असं त्या म्हणू लागल्या.

उद्धवरावांनी हँडब्रेक ओढला आणि दार उघडून तेच उतरले. लंगडत गाडीच्या मागे गेले आणि बससमोर तळहात उंचावून उभे राहिले. बसच्या ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. हॉर्न बंद झाला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून काही विचारलं, उद्धवरावांनी नुसती मान हलवली. मग ते तसेच पाठमोरे उभे राहिले, बसकडे तोंड करून. गाडीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. आरशात ताईंना फक्त त्यांची पाठ दिसत होती, धुवून धुवून विटलेला पांढरा शर्ट. मागून सुरेंद्र हळूच म्हणाले, "क्लच. अर्धा. थांब. आता."

गाडी चढली. पुढे जाऊन कडेला थांबली. उद्धवराव चालत आले, बसले आणि पट्टा लावत म्हणाले, "चला. चहा प्यायला पाहिजे आता." त्या प्रसंगाबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

अडीच महिने झाले तेव्हा एका गुरुवारी ते बंगल्यावर आले, पण गाडीत बसले नाहीत. ताईंना म्हणाले, आज एकट्या जाऊन या. आकुर्डीपर्यंत जायचं, साहेबांची औषधं आणायची आणि परत यायचं. ताईंनी नवऱ्याकडे बघितलं. सुरेंद्रांनी डाव्या हाताने गेटकडे खूण केली.

ताई गेल्या. व्हरांड्यात दोघे पुरुष उरले. मला उद्धवरावांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत त्या तासाभराची हकिकत सगळ्यात तपशिलाची आहे. जायला दहा मिनिटं, दुकानात दहा, यायला दहा. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. सुरेंद्र सारखे घड्याळाकडे बघू लागले. उद्धवराव त्यांना धीर देत होते, पण रस्त्यावर कुठलीही गाडी आली की स्वतःच उठून गेटपर्यंत जात होते. आवाज वेगळा असायचा. परत येऊन बसायचे. फोन करू का, असं एकदा त्यांनी विचारलं. सुरेंद्रांनी मान हलवली. "चालवताना... नको."

"तेबी खरं."

मग सुरेंद्रांनी आपला डावा हात उद्धवरावांच्या मनगटावर ठेवला. धीर देण्यासाठी की घेण्यासाठी, हे उद्धवरावांना कळलं नाही. तसेच दोघे बसून राहिले.

एक तास पाच मिनिटांनी सुरेंद्रच म्हणाले, "आली." उद्धवरावांना अजून काही ऐकू आलं नव्हतं. मग दुसऱ्या गिअरचा तो ओळखीचा जड आवाज वळणावर आला. गाडी गेटमधून आत आली, खांबापासून वीतभर अंतर ठेवून. ताई उतरल्या, त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात गरम भज्यांचा पुडा. पेट्रोल कमी दिसलं म्हणून पंपावर गेले, तिथे रांग होती, म्हणाल्या. आणि मग समोर भजी तळत होते. त्यांना वाटलं नव्हतं की कुणी काळजी करत असेल. दोघांचे चेहरे बघून त्यांनी पुड्याचा दोरा सोडला आणि भजी दोघांच्या मध्ये ठेवली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, कारण ते आपोआप होत गेलं. पद्मजाताईंच्या भिशीतल्या विजयश्रीबाई आल्या. त्यांच्या ओळखीची, कंपनीत काम करणारी निशिगंधा आली, जिला बाळ झाल्यापासून गाडीची भीती बसली होती. तिघीचौघी करत गोष्ट रहाटणीत माझ्यापर्यंत आली. बंटीने वडिलांसाठी कार्ड छापायचं ठरवलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात ड्रायव्हिंग क्लास. उद्धवरावांनी नको म्हणून सांगितलं. क्लास म्हटलं की परवाना हवा, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली गाडी हवी. जिच्याकडे लायसन्स नाही तिला ते आधी रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवतात. "मी शिकवत न्हाई," ते म्हणाले, "मी शेजारी बसतो." दिवसाला दोनच जणी घेतात, तिसरी आली तर थांबायला सांगतात. घरखर्चाला जेवढा हातभार हवा तेवढा त्यातून लागतो. गुडघाही बरा आहे, कारण शेजारच्या सीटला क्लच नसतो.

गेल्या हिवाळ्यात परांड्याजवळच्या गावाहून निरोप आला. उद्धवरावांची थोरली बहीण, गोजाबाई, अंथरुणाला खिळली होती आणि भावाला बघायचं म्हणत होती. एसटीने सात-आठ तास गुडघा दुमडून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. पद्मजाताईंनी ऐकलं आणि विचारलंच नाही, तारीख ठरवून टाकली. पहाटे त्या गाडी घेऊन रहाटणीत दारात उभ्या. शेजारच्या सीटवर सुरेंद्र, कारण तोवर त्यांना काठी घेऊन चालता येऊ लागलं होतं आणि पुढे बसण्याचा हट्ट त्यांनी धरला होता. मागे उद्धवराव आणि रुक्मिणीबाई.

रुक्मिणीबाई म्हणाल्या, संसाराच्या पस्तीस वर्षांत हा माणूस दुसरा कुणी चालवत असलेल्या गाडीत कधी डोळा मिटून बसला नव्हता. लग्नाच्या वऱ्हाडात सुद्धा ड्रायव्हरच्या मागे उभा राहून रस्ता बघायचा. त्या दिवशी पुण्याबाहेर पडेपर्यंत ते तसेच पुढे वाकून बसले होते. सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर मागे टेकले. भिगवणच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली, ताईंनी एकेक करून त्या सावकाश ओलांडल्या. रुक्मिणीबाईंनी शेजारी बघितलं तर नवऱ्याची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं.

पुढे रस्त्यावर खड्डा होता. सुरेंद्रांनी आधी आरशातून मागे बघितलं, मग पत्नीच्या हातावर हलकेच बोट टेकवलं.

"हळू घे," ते म्हणाले. "झोपलेत."

त्यांचं ते वाक्य अडखळलं नव्हतं. पद्मजाताईंनी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली.